चुलीवरची कणसं

नवापूर, चिंचपाडा, विसरवाडी, खांडबाऱ्याकडच्या आपल्या मंडळ्यांशी मला आज एकाच गोष्टीवर बोलायचं आहे.

घरसभेत विनंत्या भराभर येतात. मुलाची नोकरी, सुनेचं बाळंतपण, बोअरला पाणी. पण मागच्या वर्षी मागितलं त्याचं काय झालं, असं पाळकांनी विचारलं की माना खाली जातात. एखादा उठतो, ‘देवानं खूप केलं’ म्हणतो आणि बसतो. खूप म्हणजे काय? कोणत्या साली? कुठल्या रात्री, दारात कोण येऊन उभं राहिलं? अहो, साक्ष द्यायची तर साल सांगा!

माझी आजी मक्याची भरलेली कणसं निवडायची, सालं मागं ओढून दोन-दोनच्या जोड्या बांधायची आणि चुलीच्या वर टांगायची. धुरानं ती काळी व्हायची, पण कीड लागायची नाही. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही पोरं त्या कणसांकडं बघत झोपायचो. आजी मिलो ज्वारीची भाकरी मोडून अर्धी-अर्धी द्यायची, कणसाला मात्र हात लावू द्यायची नाही. ते बियाणं होतं.

देवाच्या उपकारांची आठवण अशीच जपावी लागते. ढिगातून निवडून वेगळी बांधावी लागते. आणि तिला रोजचा धूर लागतो, म्हणजे घरात, जेवताना, पोरांसमोर ती बोलावी लागते. वर्षातून एकदा कापणीच्या सणाला तोंड उघडून भागत नाही. मधल्या महिन्यांत कीड लागते.

बायबलमधल्या शमुवेलानं देवाच्या मदतीची आठवण म्हणून मिस्पा आणि शेन यांच्यामध्ये धोंडा उभा केला, त्याला एबन-एजर म्हटलं, साहाय्याचा धोंडा. धोंड्याला जागा असते, पोराला बोटानं दाखवता येतो. आपणही हौसेनं मुलाचं नाव एबेनेझर ठेवतो. त्याला कधी सांगितलंत का, कोणत्या संकटातून निघालात म्हणून हे नाव ठेवलं? नाव दिलं आणि गोष्ट गिळून टाकली.

बियाणं पेरायचं असतं, हेही आलं; आठवण दुसऱ्याच्या कामी यावी लागते. पंडिता रमाबाईंनी 1874 साली, सोळाव्या वर्षी, दुष्काळात आई-वडील गमावले. उपाशीपोटी वणवण केली. 1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा ती जुनी भूक त्यांना घरात बसू देईना. त्या तिकडं गेल्या, निराधार मुली-बायकांना घेऊन आल्या, आणि केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं. देवानं आपल्याला त्या भुकेतून बाहेर काढलं, हे त्या विसरल्या असत्या तर?

कोणी म्हणेल, 2018 च्या ऑगस्टमध्ये रंगावलीचं पाणी नवापुरात शिरलं, त्यात ज्यांचं माणूस गेलं त्यांनी काय आठवायचं? प्रश्न खरा आहे. त्यांना घाईनं ‘स्तुती करा’ म्हणू नका. स्तोत्रकर्ता आसाफसुद्धा रात्रभर तळमळतो, देव दया करायचं विसरला का, असं विचारतो, आणि मग कुठं त्याला देवानं समुद्रातून काढलेली वाट आठवते. आधी त्यांच्याजवळ बसा.

तेव्हा पुन्हा तेच. आज रात्री जेवताना एक गोष्ट सांगा. एकच, पण साल सांगून.

मी माझी सांगतो. 1973, जून महिना. पहिला पाऊस झाला, तशी आजीनं काठीनं जोड्या खाली घेतल्या. एकेका कणसावरची काजळी पदरानं पुसली. दाणे सोलून सुपात घेतले, बांधावर उभी राहून प्रार्थना केली आणि आम्हा पोरांच्या मुठीत मोजून पाच-पाच दाणे दिले, पेरायला.