मक्तेदारी आणि संशोधनाची अनिश्चितता



ज्याची पेढी मोठी त्याचीच बाजारावर सत्ता कायम राहते, असा व्यापारी वर्गात सर्वसाधारण समज आहे. १९८२ साली रिचर्ड गिल्बर्ट व डेव्हिड न्यूबेरी या अर्थशास्त्रज्ञांनी या समजाला तर्काचा आधार दिला. नवा प्रतिस्पर्धी आल्यास मक्तेदार आपली संपूर्ण मक्तेदारी गमावतो. नवख्याला मात्र स्पर्धेतील वाटणीचाच नफा मिळतो. म्हणून पेटंटसाठी मक्तेदार अधिक किंमत मोजण्यास तयार असतो.

पेटंटचे सामर्थ्य पोलरॉइड कंपनीच्या उदाहरणात दिसते. झटपट छायाचित्रांच्या तिच्या क्षेत्रात १९७६ मध्ये कोडॅकने प्रवेश केला. पोलरॉइडने पेटंटभंगाचा दावा लावला आणि १९८६ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने कोडॅकला तो व्यवसाय सोडावा लागला.

परंतु संशोधनाचे फळ केव्हा व कोणाच्या पदरी पडेल, हे आधी सांगता येत नाही. ही अनिश्चितता विचारात घेऊन जेनिफर रायनगॅनम यांनी १९८३ साली वेगळा निष्कर्ष मांडला. शोध लागेपर्यंत मक्तेदाराला जुना नफा मिळतच असतो. शोध लवकर लागला तर तोच नफा लवकर आटतो. नवख्याला असे गमावण्यासारखे काही नसते. त्यामुळे जुन्या मालाला हद्दपार करणाऱ्या मोठ्या शोधासाठी नवखा अधिक खर्च करतो आणि यशाची शक्यताही त्याच्याच बाजूला झुकते.

खुद्द कोडॅकचा इतिहास या विचाराशी जुळतो. तिचे अभियंते स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्येच डिजिटल कॅमेरा तयार केला होता. एक चित्र कॅसेटवर नोंदवण्यास त्याला २३ सेकंद लागत. १९७८ मध्ये पेटंटही मिळाले. मात्र कंपनीचा मुख्य नफा फिल्मवर होता. पुढे तिने डिजिटल कॅमेरे विकले, तरी फिल्मइतकी मिळकत त्यात नव्हती. बाजार इतरांकडे गेला आणि जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकने दिवाळखोरीसाठी अर्ज केला. न्यायालयात जिंकलेल्या पोलरॉइडवर ती वेळ २००१ मध्येच आली होती.

येथे बुद्धी वा भांडवल यांची उणीव नव्हती; चालू नफ्याचा मोह आड आला. पन्नास वर्षे स्थिरावलेल्या पेढीत घरातील तरुण नव्या प्रयोगासाठी रक्कम मागतो, तेव्हा वडीलधारी मंडळी जुन्या धंद्याचे किती नुकसान होईल, हे प्रथम पाहतात. हा हिशेब चुकीचा नाही, पण अपुरा आहे. तोच प्रयोग उद्या परका करणार असेल, तर जुना नफा तसाही राहणार नाही. म्हणून प्रयोगाचे खाते वेगळे ठेवावे, त्यात बुडाली तरी चालेल इतकीच रक्कम घालावी. पण ते खाते कोरे ठेवू नये.