सख्खे कोण, चुलत कोण?



साहित्य शिकवणारा माणूस आज जनुकांवर का बोलतो आहे, असे तुम्हांला वाटेल. कारण एक वाक्य आहे. ‘माणूस माकडापासून झाला’ हे मी वर्गात वर्षानुवर्षे म्हणत आलो. मागे एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, मग उरलेली माकडं माणसं का नाही झाली?” वर्ग हसला, पण चूक माझ्या वाक्यात होती.

आपल्याकडची माकडे आणि वानरे, दोन्ही शेपटीवाली. चिंपांझी, बोनोबो, गोरिला, ओरांगउटान यांना शेपूट नाही आणि ते आपल्या रानांत राहत नाहीत. त्यामुळे त्यांना आपल्या बोलीत नाव मिळाले नाही. मी ‘महाकपी’ म्हणतो. नात्याचे शब्द मात्र आपल्याकडे भरपूर आहेत. चिंपांझी आपला खापरपणजोबा नव्हे, चुलतभाऊ आहे. सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी आपली घरे वेगळी झाली, आणि तेव्हापासून तोही बदलत आला आहे.

त्याचा सख्खा भाऊ बोनोबो. कांगो नदीच्या उत्तरेला चिंपांझी, दक्षिणेला बोनोबो. दोघांना पोहता येत नाही. बोनोबोला स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली ती थेट १९३३ साली. या दोघांची ताटातूट १० ते २० लाख वर्षांपूर्वीची, म्हणजे आपल्या मानाने अलीकडची.

२०१२ साली बोनोबोच्या जनुकसंचाचे वाचन प्रसिद्ध झाले, आणि इथे खरी गंमत आहे. आपल्या जनुकसंचाचा तीन टक्क्यांहून थोडा अधिक भाग असा निघाला, की त्यापुरता माणूस या दोन भावांपैकी एकाला अधिक जवळचा आहे. ते दोघे एकमेकांना तितके जवळचे नाहीत. असे कसे? तिघांचा पूर्वज म्हणजे एक जोडपे नव्हे, मोठा कळप होता. पेवात मिसळलेले बियाणे असावे तशी एकाच जनुकाची अनेक रूपे त्यात होती. वाटण्या झाल्या तेव्हा एखादे रूप योगायोगाने आपल्याकडे आणि बोनोबोकडे आले, चिंपांझीकडे दुसरेच राहिले. प्रत्येक जनुकाची वंशावळ वेगळी. घराण्याची वंशावळ आपण त्यांच्या बहुमताने ठरवतो.

२०१६ साली आणखी एक गोष्ट पुढे आली. ताटातुटीनंतरही बोनोबोंची थोडी जनुके मध्य आणि पूर्व आफ्रिकेतल्या चिंपांझींमध्ये शिरली होती. भाषेच्या अभ्यासकाला यात नवल नाही. ‘अक्का’, ‘अण्णा’ हे आपल्या घरातले शब्द द्रविड भाषांतून आले, म्हणून मराठी काही कन्नडची मुलगी ठरत नाही. श्लायखरने भाषांचा वंशवृक्ष १८५३ साली छापला. डार्विनच्या १८५९ च्या ग्रंथातली एकमेव आकृतीही शाखांचीच. झाडाच्या फांद्या एकदा फुटल्या की पुन्हा जुळत नाहीत, एवढीच त्या चित्राची अडचण.

आणि शुद्ध रक्ताच्या गोष्टी करणाऱ्यांसाठी: कॅमेरूनमध्ये नदीच्या दोन काठांवरच्या चिंपांझींमध्ये जितका जनुकीय फरक आढळला, तितका वेगवेगळ्या खंडांतल्या माणसांतही नाही. आपण ८०० कोटी, ते तीन लाखांच्या आत. तरी विविधता त्यांच्याकडे जास्त.

त्या मुलीला मी दुसऱ्या दिवशी वर्गात उत्तर दिले आणि फळ्यावर नवे वाक्य लिहिले: ‘माणूस आणि चिंपांझी चुलतभाऊ आहेत.’ तिची पुढची शंका अशी, की ‘महाकपी’ म्हटले की तिला हनुमानच आठवतो. याहून बरा शब्द कुणाला सुचत असेल तर आता, प्रश्नोत्तरांच्या वेळी, जरूर सांगा.