उसाचं पान डोळ्याला लागलं तर



मुळा धरणाचं पाणी आलं आणि आपल्या राहुरीच्या शिवारात ऊस वाढला. त्याच्यासोबत डोळ्याचं एक दुखणंही आलं. वाढे गोळा करताना, पाचट ओढताना, सरीत वाकून खुरपताना पान डोळ्याला सर्रकन लागून जातं. आपण काय करतो? पदराचा बोळा करतो, त्यावर फुंकर मारतो, डोळा शेकतो आणि पुन्हा कामाला लागतो. संध्याकाळी घरातलं कुणी बॅटरी मारून बघतं आणि म्हणतं, “काही नाही, नुसता लाल झालाय.”

त्यांना दिसणार तरी कसं? डोळ्याच्या काळ्या भागावर घड्याळाच्या काचेसारखा एक आरपार दिसणारा पडदा असतो. त्याची जाडी मधोमध जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यावरचा बारीक ओरखडा आरशात दिसत नाही, बॅटरीतही बहुधा सुटतो. तो शोधायला स्लिट लॅम्प नावाचं यंत्र लागतं. आमच्याकडे तपासायला येणाऱ्या कितीतरी जणी ते यंत्र बघूनच बिचकतात, म्हणून आज त्याच्याविषयी बोलू.

टेबलावर एक चौकट असते. तिच्यात हनुवटी ठेवायची, कपाळ वरच्या पट्टीला टेकवायचं. समोर दुर्बिणीसारखं भिंग आणि बाजूला दिवा. त्या दिव्याचा उजेड उभ्या फटीतून येतो, म्हणून तर नाव स्लिट लॅम्प. स्लिट म्हणजे फट. यंत्र डोळ्याला चिकटत नाही. त्यातून सुई निघत नाही, चटका बसत नाही. उजेडानं डोळे दिपतात, पाणी येतं, एवढंच. मधे पापणी मिटली तरी काही बिघडत नाही.

फटीतूनच उजेड कशाला, तर कौलातून घरात येणारा कवडसा आठवा. एरवी न दिसणारी धूळ त्या कवडशात तरंगताना दिसते. डोळ्याचंही तसंच आहे. पुढच्या पडद्यामागे स्वच्छ पाणी असतं. डोळा आतून सुजला असेल तर त्या पाण्यात बारीक कण तरंगताना या उजेडात दिसतात. उजेड तिरका पडला की पडद्याचा जणू कांद्यासारखा उभा काप दिसतो आणि जखम वरच्या पापुद्र्यात आहे की खोल गेली आहे ते कळतं. स्वीडनच्या अल्वार गुलस्ट्रँड या डॉक्टरांनी १९११ साली हा दिवा जगापुढे मांडला. आज शंभर वर्षं उलटून गेली, पण कवडशाची युक्ती तीच आहे.

ओरखडा शोधताना आणखी एक गोष्ट करतात. केशरी रंगाची कागदी पट्टी ओली करून खालच्या पापणीच्या आत हलकेच टेकवतात. डोळ्यात पिवळा रंग पसरतो. मग दिव्याचा उजेड निळा करतात आणि जिथं सोललं आहे ती जागा हिरवीगार चमकते. हा रंग निघून जातो. तासभर रुमालाला पिवळे डाग पडतील, घाबरू नका.

एवढा खटाटोप का, तर पानाबरोबर बुरशीही डोळ्यात जाऊ शकते. ओरखड्यात ती रुजली की दोनचार दिवसांत, कधी आठवड्यानं, काळ्या भागावर पांढरा ठिपका दिसू लागतो. ठिपका वाढला, खोल गेला, की बरा झाल्यावरही पांढरा वण राहतो. आपण म्हणतो, डोळ्यात फूल पडलं. ते फूल मधोमध पडलं तर त्या डोळ्याची नजर गेली.

आणि नेमकं याच वेळी घात होतो तो घरातल्या जुन्या ड्रॉपनं. मागे कुणाचे तरी डोळे आले होते, तेव्हाची बाटली फळीवर असते. अशा काही औषधांत स्टेरॉइड असतं. त्यानं लाली उतरते, बाईला वाटतं गुण आला, पण आत बुरशीला रान मोकळं मिळतं. दूध, मध, एरंडेल, जिभेनं कचरा काढणं, हेही नको. स्वच्छ पाण्यानं डोळा धुवा, चोळू नका आणि निघा. जुनी बाटली सोबत घ्या, डॉक्टरांना दाखवायला.

कधी निघायचं? त्याच दिवशी. नेपाळमधल्या भक्तपूर भागात गावातल्या आरोग्य सेवकांनी ओरखडे आलेल्या ४४२ डोळ्यांवर मलमाचे उपचार केले होते. तो अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. ज्यांचे उपचार इजा झाल्यापासून १८ तासांच्या आत सुरू झाले, त्यांच्यापैकी एकाच्याही डोळ्यात जखम चिघळली नाही. मलमाचं नाव मुद्दाम सांगत नाही. नाव कळलं की आपण परस्पर दुकानातून आणतो.

राहुरीहून नगर-मनमाड रस्त्यानं एकीकडे अहिल्यानगरचं जिल्हा रुग्णालय आहे, दुसरीकडे कोल्हारवरून लोणीचं प्रवरा रुग्णालय. जवळ कुणी डोळ्यांचे डॉक्टर असतील तर उत्तमच. कुठे केव्हा तपासतात ते आशाताईंना आधी विचारून ठेवा. आणि पोहोचल्यावर “डोळा लाल झालाय” एवढंच सांगू नका. “उसाचं पान लागलंय, अमुक वाजता,” असं सांगा. अक्षरं वाचून चष्म्याचा नंबर काढला म्हणजे डोळा तपासला असं होत नाही. यंत्रावर बघा, असं स्पष्ट म्हणा.

हे बोलायला सोपं आहे, हे आम्हांला ठाऊक आहे. खाडा पडला की मजुरी बुडते आणि टोळीतल्या बाईला मुकादमाचीही बोलणी खावी लागतात. म्हणून एक गोष्ट गटाच्या पुढच्या बैठकीत ठरवून टाका: डोळ्याला लागलं तर येण्याजाण्याचे पैसे गटातून लगेच द्यायचे, त्यासाठी महिन्याच्या बैठकीची वाट बघायची नाही. सोबत कोण जाणार, तिची गुरं त्या दिवशी कोण बघणार, हेही आत्ताच बोलून ठेवा.

आणि डॉक्टरांनी ज्या दिवशी परत बोलावलं त्या दिवशी नक्की जा, दुखणं थांबलेलं असलं तरी. जखम भरत आली की पसरतेय, हे पुन्हा त्याच उजेडात बघावं लागतं.