थोड्या पैशांतली मुशाफिरी

परदेशचा प्रवास म्हटला, की आपल्या डोळ्यांपुढे दोन प्रकारची माणसे उभी राहतात. एक, यात्रा कंपनीबरोबर जाणारी. सात दिवसांत पाच देश आणि रात्री आठवणीने वरणभात! दुसरी, ज्यांना पैशांची ददात नाही अशी. पण तिसराही एक प्रवासी आहे आणि आज त्याच्याविषयीच बोलावयाचे आहे. हा विद्यार्थी असतो, एकटा असतो आणि त्याचा खिसा हलका असतो.

असा एखादा मुलगा किंवा मुलगी तुमच्या घरात किंवा शेजारी असेलच. २०२३-२४ या वर्षी जर्मनीत शिकणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांत सर्वांत जास्त संख्या भारतीयांची होती. उन्हाळी सत्र संपते, सुटी लागते आणि मुलाचे मन खोलीत रमेनासे होते. पॅरिस पाहावे, व्हिएन्ना पाहावे, रोम पाहावे. तिथल्या शिक्षणासाठी मिळालेला राहण्याचा परवाना आणि पासपोर्ट जवळ असले, की शेंगेन देशांत थोडे दिवस हिंडायला वेगळा व्हिसा लागत नाही. पण इकडे आईचा जीव वरखाली होतो. "एकटाच जाणार? राहशील कुठे? जाशील कसा? खाशील काय?" प्रश्न अगदी रास्त आहेत. तेव्हा त्यांची उत्तरे त्याच क्रमाने पाहू.

राहण्याची सोय एका शाळामास्तराच्या कृपेने झाली आहे. रिचर्ड शिरमान हे त्याचे नाव. १९०९ सालच्या ऑगस्टात हा जर्मन शिक्षक आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन पायी सहलीला निघाला होता. वाटेत वादळाने गाठले. एका खेड्यातल्या रिकाम्या शाळेत पेंढा पसरून पोरांना निजवले. बाहेर विजा कडाडत होत्या, मास्तरांना झोप येईना. त्यांच्या मनात आले, सुटीत अशा किती शाळा रिकाम्या पडून असतात! त्या वाटसरू मुलांना उघड्या केल्या तर? पुढे १९१२ साली आल्टेना गावच्या जुन्या किल्ल्यात युवक वसतिगृह सुरू झाले आणि बघता बघता ही कल्पना जगभर पसरली.

आज या वसतिगृहांत एका खोलीत सहा-आठ खाटा असतात, एकीवर एक. सामानाला कपाट असते. कुलूप बहुधा आपले आपण न्यावे. पुष्कळ ठिकाणी मुलींसाठी वेगळ्या खोल्या असतात. स्वयंपाकघर सामाईक असते आणि तिथे एक फळी तुम्ही जरूर पाहून ठेवा. पुढच्या गावी जाणारा मुशाफिर उरलेले तांदूळ, मीठ, तेल त्या फळीवर ठेवून जातो. मागून येणाऱ्याने ते घ्यावे आणि जाताना आपले उरलेले ठेवावे. हिशेब नाही, पावती नाही. या फळीची गोष्ट लक्षात असू द्या. तिच्याकडे आपण पुन्हा येणार आहोत.

दुसरा प्रश्न, जाशील कसा? युरोपात १९७२ साली 'इंटररेल' नावाचा पास निघाला. तेव्हा तो एकवीस वर्षांच्या आतल्या तरुणांसाठी होता आणि त्या एका पासावर एकवीस देशांत महिनाभर हिंडता येई. आज वयाची अट राहिलेली नाही, पण तरुणांना सवलत आहे. युरोपात राहणाऱ्या कोणालाही तो मिळतो, म्हणजे तिथे शिकणाऱ्या आपल्या मुलांनाही. इथून पाहुणे म्हणून जाणाऱ्यांसाठी 'युरेल' हा वेगळा पास आहे. मात्र इथे एक मेख आहे. फ्रान्समधल्या वेगवान गाड्यांना आणि रात्रीच्या गाड्यांना पास असूनही आरक्षणाचे वेगळे पैसे पडतात. साध्या, ठिकठिकाणी थांबणाऱ्या गाड्यांना बहुधा पडत नाहीत. ज्याच्यापाशी पैसा कमी आणि वेळ जास्त, त्याने साधी गाडी धरावी. खिडकीतून मुलूखही जास्त दिसतो. उलट व्हिएन्नाहून रोमला रात्रीच्या गाडीने गेले, तर आरक्षणाला पैसे पडले तरी एका रात्रीचे भाडे वाचते. आणि लक्झेंबर्ग हा चिमुकला देश वाटेत लागला तर फारच बरे. २०२० सालापासून तिथे बस, ट्राम आणि आगगाडीचा साधा वर्ग सर्वांना फुकट आहे, परक्यालासुद्धा!

आता खाण्यापिण्याचे. रोममध्ये पाण्याची बाटली विकत घेणारा हमखास नवखा समजावा. १८७४ सालापासून त्या शहरात रस्तोरस्ती लोखंडी नळखांब आहेत. त्यांची तोटी नाकासारखी वाकलेली, म्हणून लोक त्यांना 'नाझोनी', म्हणजे मोठी नाके, म्हणतात. पाणी थंडगार आणि सतत वाहणारे. तोटीचे तोंड बोटाने दाबले, की वरच्या भोकातून कारंजे उडते आणि वाकून सरळ पिता येते. आपल्याकडच्या पाणपोईचीच ही रोमन बहीण.

आणि पाहावयाचे म्हणाल, तर युरोपीय आर्थिक क्षेत्रात राहणाऱ्या सव्वीस वर्षांच्या आतल्या तरुणाला पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात तिकीट पडत नाही. व्हिएन्नाच्या सरकारी संगीतगृहात उभे राहून ऐकण्याच्या जागा आहेत. बसण्याच्या जागेच्या मानाने त्यांचे मोल फारच थोडे. जागा मिळाली, की कठड्याला आपला रुमाल किंवा मफलर बांधावा आणि खुशाल फिरून यावे. दुसरा कोणी तो सोडीत नाही. अशी तिथली रीत आहे.

हे ऐकून तुम्ही म्हणाल, वा, म्हणजे सारे स्वस्तच की! पण थांबा. स्वस्त आणि फुकट यांत अंतर आहे, आणि एकट्या विद्यार्थ्याची कसोटी नेमकी तिथेच लागते. व्हिएन्नाच्या भुयारी रेल्वेला अडवणारी फाटके नाहीत. तिकीट काढले की नाही, हे दाराशी कोणी पाहत नाही. खिशात थोडेच युरो उरलेले आहेत, ओळखीचे कोणी नाही, आईवडील हजारो कोसांवर. मनात येते, एवढ्या एका स्थानकापुरते काय बिघडते? साध्या वेषातला तपासनीस भेटला, तर दंड शंभर युरोंहून अधिक. पण दंडाचे सोडा. ते फाटक शहराने आपल्यावर विश्वास टाकून काढलेले आहे. ती फळी, तो कठड्यावरचा रुमाल आणि हे नसलेले फाटक, एकाच जातीच्या गोष्टी आहेत. कोणी पाहत नसताना आपण कसे वागतो, हे एकट्याने प्रवास करणाऱ्याला जसे कळते, तसे क्वचितच कोणाला कळत असेल.

म्हणून काटकसर जरूर करावी, पण तीन ठिकाणी नव्हे. नव्या गावातली पहिली रात्र, आजारपणाचा विमा आणि तिकीट. पहिल्या रात्रीची खाट आधी ठरवावी आणि गावात शक्यतो उजेडी पोचावे.

आणखी एक गोष्ट आईला कोणी सांगत नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी संध्याकाळी मन उदास होते. दिवसभरात "एक तिकीट", "एक पाव" यापलीकडे तोंडातून शब्द निघालेला नसतो. समोर जगप्रसिद्ध इमारत उभी असते आणि "बघ रे" म्हणायला शेजारी कोणी नसते. यावर औषध साधे आहे. त्या देशाच्या भाषेतले पाच शब्द शिकावेत. पाव रोज एकाच दुकानातून घ्यावा. दुसऱ्या दिवशी दुकानदार ओळख देतो. रात्री सामाईक स्वयंपाकघरात भात थोडा जास्त शिजवावा. भाताच्या वासाला माणसे जमतात, हा अनुभव कुठल्याही मुलखात येतो. आणि घरी रोज चार ओळी लिहाव्यात. त्यात उदासपणाही लिहावा, लपवू नये.

तेव्हा मुलगा किंवा मुलगी निघते म्हणाली, तर अडवू नका. पैसे थोडे आहेत, म्हणून तर ती माणसांत मिसळेल. फक्त निरोप देताना एवढे सांगा: घेशील त्या फळीवर जाताना काही ठेवून ये. आणि ती परत आली, की तिच्याबरोबर आपल्या गावातून एक फेरी मारा. परमुलखाहून एखादा असाच हलक्या खिशाचा पोरगा उद्या आपल्या स्टेशनावर उतरला, तर त्याला स्वच्छ पाणी कुठे मिळेल, पाठ टेकायला जागा कुठे मिळेल, हे दोघांनी मिळून पाहा. पाणपोया आणि धर्मशाळा बांधणाऱ्यांचे आपण वारस आहोत. हिशेब आपल्यालाही द्यावा लागेल.