वाट पाहण्याचा हिशेब



मराठवाड्यातल्या पालम तालुक्यात दिग्रसच्या बंधाऱ्यानं गोदावरीचं पाणी अडवलेलं आहे. तिथल्या संथ पाण्याच्या कडेला ढोकरी उभी असते, पण सहसा दिसत नाही. गाळाचा रंग आणि तिच्या पाठीचा रंग जवळजवळ एकच. शेजारून म्हशी पाण्यात उतरतात, तरी ती जागची हलत नाही. माणूस अगदी जवळ पोहोचला की उडते आणि एकाएकी पांढरीशुभ्र होते, कारण मिटलेल्या अंगाखाली लपलेले पंख पांढरे असतात.

या उभं राहण्याला लोकांनी बकध्यान म्हणून ढोंगात काढलं. हा पाखरावर जरा अन्यायच झाला. पाण्यात धावाधाव केली तर मासे पांगतात आणि अंगातली ताकद फुकट जाते. शिवाय पाण्यातला मासा जिथं दिसतो तिथं तो नसतोच. प्रकाशाचे किरण पाण्यातून बाहेर येताना वाकतात, त्यामुळं मासा थोडा वर भासतो. बगळ्यांवर प्रयोग झाले तेव्हा दिसलं की चोच मारताना बगळा हा फरक धरून चालतो. तेवढा नेम साधायला स्थिर राहणं भाग आहे. आणि मासा लागेनाच, तर जागा बदलतो. हिरवा बगळा तर याहून पुढं गेलेला. किडा, पीस, माणसानं टाकलेला पावाचा तुकडा, जे मिळेल ते पाण्यावर सोडायचं आणि माशाला जवळ बोलवायचं, ही त्याची युक्ती जपानपासून आफ्रिकेपर्यंत पाहिली गेली आहे.

प्राण्यांकडून सबुरी शिका, असं सांगणाऱ्यांची आपल्याकडं कमतरता नाही. पण ही सबुरी जवळून पाहिली तर ती साधुत्वापेक्षा वाण्याच्या चोपडीसारखी निघते. थांबायला किती लागतं, हलायला किती लागतं, आणि हाती काय येतं.

देवळाच्या ओसरीला किंवा गोठ्याच्या वळचणीला, जिथं पाऊस लागत नाही, तिथल्या भुरभुरीत मातीत नरसाळ्यासारखे छोटे खड्डे दिसतात. पोरं त्यांत काडी घालून आतला किडा बाहेर काढतात. हा मुंगीसिंह. खड्ड्याचा उतार असा, की मुंगीचा पाय पडला की माती सरकलीच. मुंगी वर चढू लागली तर तो खालून डोक्यानं माती उडवतो. एकही मुंगी न येता तो कित्येक आठवडे काढू शकतो. नवा खड्डा खणणं महाग पडतं, म्हणून तो चटकन जागा सोडत नाही; मात्र उपासमार फारच लांबली तर सोडतो.

सुगरण पक्ष्याची गोष्ट याहून मोठी, आणि ती नीट समजली ती एका माणसाची नोकरी गेल्यामुळं. सलीम अली 1930 साली जर्मनीतून पक्षिशास्त्र शिकून मुंबईला परतले, तर संग्रहालयातली त्यांची जागाच उरली नव्हती. ते अलिबागजवळच्या किहीमला राहायला गेले. तिथं सुगरणींची वसाहत होती आणि सलीम अलींकडं वेळच वेळ होता. पावसाळाभर पाहिल्यावर जे हाती आलं, त्यानं जुन्या समजुती उलट्या केल्या.

घरटं नर विणतो, आणि तेही अर्धवटच. टोपीसारखा आकार झाला की थांबतो, त्याला लोंबकळतो, पंख फडफडवतो, ओरडतो. माद्या येतात, आत शिरून तपासतात. एखादीला पसंत पडलं तरच तो पुढची लांब नळी विणून घरटं पुरं करतो. तिची अंडी झाली की हा दुसऱ्या घरट्याच्या उद्योगाला लागतो. आणि पसंत पडलंच नाही तर? तर ते घरटं तसंच टाकून नवं सुरू करतो. विहिरीवर वाकलेल्या बाभळीवर पुऱ्या घरट्यांच्या मध्ये नळी नसलेल्या टोप्या लोंबताना दिसतात, त्या या नापसंतीच्या. पुऱ्या घरट्यासाठी काहीशे खेपा कराव्या लागतात. त्या सगळ्या आधीच न करता निम्म्यावर विचारून घेणं, यात धीर जितका आहे तितकाच व्यवहार आहे.

आता बेडकाकडं वळू. मराठवाड्याच्या दृष्टीनं खरा वाट पाहणारा तोच.

बिळात राहणाऱ्या बेडकाच्या मागच्या पायाला खोऱ्यासारखा टणक उंचवटा असतो. त्यानं तो मागं मागं सरकत जमिनीत उतरतो. बांधाची मऊ माती, नदीकाठची वाळवट जमीन त्याला सोयीची. वर ऊन चाळीस अंशांच्या पुढं जातं, तेव्हा हा खाली जवळजवळ निश्चल असतो. शरीराचे सगळे व्यवहार मंदावतात, साठवलेली चरबी पुरवून वापरली जाते. ऑस्ट्रेलियातला एक बेडूक तर मूत्राशयात पाणी भरून घेतो, स्वतःच्या निघालेल्या कातडीचं वेष्टन अंगाभोवती करतो आणि पाऊस आलाच नाही तर वर्ष-वर्ष तसाच राहतो.

पण पाऊस आल्याचं कळतं कसं? अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात अशाच खणणाऱ्या भेकांवर काम झालं, ते 1980 साली प्रसिद्ध झालं. संशोधकांनी पाण्याचा थेंबही न टाकता विजेच्या मोटरीनं जमीन नुसती थरथरवली. भेक वर आले. म्हणजे त्यांचा भरवसा ओलीपेक्षा पावसाच्या थरथरीवर होता. इतका थांबलेला प्राणीही खोट्या खुणेला फसतो. आणि वर येऊन डबक्यात अंडी घातल्यावर पावसानं ओढ दिली, तर डबकं आटतं आणि पिल्लं जातात.

मराठवाड्यात याच संकटाला दुबार पेरणी म्हणतात. मृगाची एक जोरदार सर येते, लोक तिफण काढतात, मग पंधरा दिवस आभाळ कोरडं. म्हणून परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ सांगत आलेलं आहे की 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये. सल्ला रास्त आहे. पहिल्या सरीनं वरची दोन बोटं माती ओली होते, बी तेवढ्यावर उगवतं आणि खाली ओल नसल्यानं करपतं.

फक्त बेडकाचं उदाहरण शेतकऱ्याला देताना जरा जपूनच द्यावं. बेडकाला थांबताना खर्च कमी करता येतो. घराला तो येत नाही. कडबा संपत आलेला असतो, पीककर्जाचं व्याज चढत असतं, शाळा जूनमध्येच उघडते. शिवाय थांबण्यालाही मुदत आहे. जुलैचा पहिला आठवडा गेला की मूग-उडीद पेरण्यात अर्थ राहत नाही. पाऊस आणखी लांबला तर काय घ्यायचं, याचंही नियोजन विद्यापीठ आणि कृषी खातं आधी करून ठेवतात: आधी सोयाबीन-तुरीपर्यंत वाट पाहता येते, त्यानंतर बाजरी, सूर्यफूल, एरंडी यांच्याकडं वळावं लागतं. घरात आणून ठेवलेल्या मुगाच्या बियाण्याच्या पिशव्या मग दुकानदार परत घेतो की नाही, हे मात्र त्या नियोजनात लिहिलेलं नसतं.