दादरच्या घरातला सिनेमा



लालबागमध्ये सिनेमावर बोलायचं म्हणजे जाणकारांपुढे बोलणं आहे. इथले कितीतरी पालक ‘भारतमाता’ चित्रपटगृहात मराठी चित्रपट बघत मोठे झाले. म्हणून मी थेट दादासाहेब फाळक्यांच्या घरात शिरतो. ते घर इथून फार लांब नव्हतं. दादरच्या मेन रोडवर होतं, त्या रस्त्याला आज त्यांचंच नाव आहे.

१९१२ साली आयुर्विम्याची पॉलिसी गहाण टाकून दादासाहेब लंडनला गेले. तिथे ओळख ना पाळख. ‘बायोस्कोप’ साप्ताहिकाचे संपादक कॅबर्न यांनी त्यांना दिग्दर्शक सेसिल हेपवर्थकडे पाठवलं. या हेपवर्थनी १९०५ मध्ये पळवलेल्या बाळाला कुत्रा शोधून काढतो, अशी छोटी फिल्म केली होती. कथा बायकोची, पडद्यावरची आईही तीच, बाळ त्यांची स्वतःची मुलगी आणि कुत्राही घरचा! या फिल्मच्या इतक्या प्रती निघाल्या की निगेटिव्ह झिजली आणि ती पुन्हा चित्रित करावी लागली. अशा माणसाने परक्या देशातून आलेल्या अनोळखी माणसाला आपला वॉल्टनचा स्टुडिओ उघडून दाखवला. मला या मोठेपणाचं फार अप्रूप वाटतं.

दादासाहेब विल्यमसन कॅमेरा घेऊन परतले. पण पैसे कोण देणार? त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला आणि रोज थोडं थोडं चित्रण केलं. महिनाभराची वाढ पडद्यावर एक-दोन मिनिटांत झाली. अंकुर डोळ्यांदेखत वर येताना पाहून कर्ज देणाऱ्याचा विश्वास बसला.

मग ‘राजा हरिश्चंद्र’साठी अख्खं घर कामाला लागलं. फिल्मच्या कडेला भोकं पाडलेली नसायची. ती अंधारात, हाताने, एकेक करून पाडायच्या दादासाहेबांच्या पत्नी सरस्वतीबाई. फिल्म धुवायच्याही त्याच आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याच हातचा. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. तारामती व्हायला बाई मिळेना, तेव्हा ग्रँट रोडच्या एका हॉटेलात काम करणारे अण्णा साळुंके उभे राहिले. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला.

जाहिरातीत नाव दादासाहेबांचं होतं, आणि ते रास्तच होतं. पण सरस्वतीबाईंचे ते कष्ट वगळले तर पडद्यावर काहीच उमटलं नसतं, असं माझं ठाम मत आहे. आजच्या कार्यक्रमात पडद्यामागे दोर ओढणाऱ्या, वेशभूषा सांभाळणाऱ्या मुलामुलींना मी हे मुद्दाम सांगतो आहे.

मुख्याध्यापिका बाई, एक विनंती. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’चा बराचसा भाग आजही शाबूत आहे. त्यात कृष्ण झालीय दादासाहेबांची मुलगी, मंदाकिनी. ती तेव्हा आपल्या प्राथमिकच्या मुलींएवढीच होती. हा चित्रपट शाळेत मुलांना दाखवा. तो मूक आहे, तेव्हा पेटी-तबला मुलांनीच वाजवावा. मी ऐकायला नक्की येईन.