लढाई राज्याची कीं धर्माची?

कागलच्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतींत पाळी सुटली, कीं चहाच्या टपरीवर वाद रंगतात, आणि त्यांत शिवाजी महाराजांचें नांव हटकून निघतें. तेथें मला कॉम्रेड गोविंद पानसरे आठवतात. कोल्हापुरांत वकिली व कामगार चळवळ करणाऱ्या या कम्युनिस्टानें ‘शिवाजी कोण होता?’ या लहानशा पुस्तकांत रोखठोक सांगितलें, कीं त्या काळच्या लढाया राज्यासाठीं होत्या, धर्मासाठीं नव्हत्या.

पुरावा दूर नाहीं. १५७६ सालीं हळदीघाटांत अकबराचा सेनापति मानसिंग होता, तर राणा प्रतापाच्या बाजूनें हकीमखान सूर लढला. १६६५ सालीं पुरंदरचा तह करावयास लावणारा मिर्झा राजा जयसिंग. महाराजांच्या आरमारावर मात्र दौलतखान. आणि कागलच पाहा ना! ज्या घाटगे घराण्यांत १८७४ सालीं शाहू महाराज जन्मले, तें पूर्वीं विजापूरच्या आदिलशहाचें चाकर होतें.

तथापि मला सर्वच पटत नाहीं. राज्य राजाला मिळतें. मरावयाचें असतें शिपायाला, आणि त्याला राज्यापलीकडचा कांहीं शब्द लागतो. १६७४ चा राज्याभिषेकही वैदिक विधीनेंच झाला. धर्माचें हें बळ पानसरे यांनीं कमी लेखलें, असें माझें मत आहे.

१६ फेब्रुवारी २०१५ रोजीं सकाळीं पत्नीसह फिरून परततांना त्यांच्यावर गोळ्या झाडण्यांत आल्या. २० तारखेस ते वारले. माझा आक्षेप त्यांच्यापुढें मांडावयाचा राहून गेला.